पेटी, तबला आणि एक लॅपटॉप: घरच्या रेकॉर्डिंगला सोपं सॉफ्टवेअर कोणतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही घरी पेटीवर अभंग आणि भावगीतं गाता, मुलगा तबल्याची साथ करतो. विंडोजचा लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी, आणि नुकताच एक यूएसबी माइक आणला आहे. आजवर मोबाइलवर रेकॉर्ड करत होता, आता जरा नीट करायचं आहे. कुणी ऑडॅसिटी सांगतं, कुणी रीपर, आणि मुलाच्या मित्राने एफएल स्टुडिओची क्रॅक केलेली कॉपी पेनड्राइव्हवर आणून दिली आहे. यातलं सगळ्यात सोपं कोणतं?

आधी सरळ उत्तर देतो. आत्ता ऑडॅसिटी घ्या, एक रुपयाही न देता काम सुरू होईल. तबला आणि गाणं वेगवेगळं रेकॉर्ड करायची वेळ आली की रीपरकडे वळा. एफएल स्टुडिओ तुमच्या कामाचं नाही, आणि ती पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावू नका.

आता हे असं का, ते सविस्तर सांगतो. कारण 'सोपं' हे ज्याच्या त्याच्या वाजवण्याच्या पद्धतीवर ठरतं. ते कळलं की उद्या लॅपटॉप बदलला किंवा साथीला बासरीवाला आला, तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी पुण्यात लहानसा स्टुडिओ चालवतो. घरी रेकॉर्ड केलेल्या फायली मिक्स करून देण्याचं काम माझ्याकडे बरंच येतं. भजनी मंडळं असतात, सुगम संगीताच्या क्लासची मंडळी असतात, रॅप करणारी कॉलेजची पोरं असतात. फाइल ऐकून ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केली हे मला ओळखता येत नाही, कुणालाच येणार नाही. पंखा चालू होता का, माइक पेटीच्या किती जवळ होता, गाणारा माणूस तबला कानात ऐकून गात होता की अंदाजाने, हे मात्र पहिल्या काही सेकंदांत कळतं. रेकॉर्डिंगच्या वेळी सगळी सॉफ्टवेअरं आवाज जसा येतो तसा साठवतात. फरक पडतो तो तुम्हाला ते करताना किती अडखळायला होतं यात. म्हणून निवड करताना फीचरांची यादी बघू नका, तुम्ही अडखळणार कुठे ते बघा.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: तुम्ही दोघं एकत्र बसून, एका दमात गाणार आहात की थरावर थर चढवणार आहात?

एकत्र बसून म्हणजे जसं बैठकीत गाता तसंच. पेटी, तबला, आवाज सगळं एकाच वेळी, एकाच माइकवर. यात सॉफ्टवेअरला करायचं काय असतं? लाल बटण दाबलं की सुरू, स्टॉप दाबलं की बंद, पुढचा-मागचा नको तो भाग कापायचा, आवाज थोडा वाढवायचा, एमपी३ काढायची. या कामाला ऑडॅसिटीपेक्षा सोपं काही मला माहीत नाही. २००० सालापासून ते मोफत मिळतंय, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि जुन्या लॅपटॉपलाही झेपतं. तुमच्या ८ जीबी रॅमची अजिबात काळजी करू नका.

थरावर थर म्हणजे आधी तबला, मग तो कानात ऐकत पेटी, मग दोन्ही ऐकत गाणं. असं केलं की गाणं चुकलं तर फक्त गाणं परत करता येतं, तबल्याला हात लावावा लागत नाही. नंतर तबला थोडा खाली, आवाज थोडा वर असा तोल साधता येतो. सिनेमाची गाणी अशी होतात म्हणून सगळ्यांना हाच खरा मार्ग वाटतो. पण आपल्या संगीतात त्याची एक किंमत मोजावी लागते. अभंग गाताना तुम्ही शब्द लांबवता तेव्हा मुलगा तुमच्या तोंडाकडे बघून तिहाई घेतो. तो आधी एकटा वाजवून गेला असेल तर हे होणार नाही, ठेका सरळसोट राहील. भजनी ठेका किंवा केरव्यातल्या भावगीताला ते चालून जातं. आलापी जास्त असेल, लय तुमच्या श्वासावर चालत असेल, तर एकत्रच बसा. मी तर सुरुवातीचे दोन-तीन महिने एकत्रच बसा म्हणेन.

थर चढवायला लागलात की सॉफ्टवेअरचा खरा कस लागतो, आणि बहुतेक नवखे इथेच कंटाळून सोडून देतात. ज्याने त्यांना दमवलेलं असतं त्याचं नाव लेटन्सी, म्हणजे आवाज माइकमध्ये शिरून, लॅपटॉपमधून फिरून तुमच्या कानात परत येईपर्यंत लागणारा उशीर. तबल्याच्या भाषेत सांगतो. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्या मात्रेत 'तिरकिट' वाजवलं तर एकेका अक्षराला १२५ मिलिसेकंद मिळतात. विंडोजचा साधा ड्रायव्हर (माइक आणि लॅपटॉपचा संवाद घडवणारं छोटं सॉफ्टवेअर) वापरून लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज ऐकलात तर शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. म्हणजे मुलाने 'ति' वाजवला तो त्याला 'र' च्या जागी ऐकू येणार. अशाने कितीही पक्का तबलजी असला तरी लय खाली येत जाते आणि मुलगा म्हणतो, आई, हे सॉफ्टवेअर बेकार आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून ऐकायचाच नाही. तुमच्या यूएसबी माइकला इअरफोन लावायची जागा आहे का बघा. बऱ्याच माइकना असते. असेल तर इअरफोन लॅपटॉपला न लावता त्या माइकला लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये आवाज बाहेर काढायचं साधन म्हणूनही तोच माइक निवडा. मग तुमचा आवाज माइकमधूनच थेट कानात येतो, उशीर होत नाही, आणि आधी रेकॉर्ड झालेला तबलाही त्याच इअरफोनमध्ये ऐकू येतो. ऑडॅसिटीत रेकॉर्ड होणारा आवाज लगेच परत ऐकवणारी एक खूण असते (जुन्या आवृत्त्यांत तिचं नाव 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू'), ती काढलेली ठेवा. रीपरमध्ये ट्रॅकवर, म्हणजे एकेका थराच्या पट्टीवर, मॉनिटरिंगचं बटण असतं, ते बंद करा. नाहीतर तुमचा आवाज दोनदा ऐकू येईल, एकदा थेट आणि एकदा उशिराने, आणि गाताना चक्रावून जाल.

दुसरा उपाय म्हणजे उशीरच कमी करणं. त्यासाठी विंडोजवर एसिओ (ASIO) नावाची ड्रायव्हरची पद्धत लागते. ती स्टाइनबर्ग कंपनीने काढली आणि व्यावसायिक रेकॉर्डिंगची जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरं ती वापरतात. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा गोळा करून पुढे पाठवतो ते माप) १२८ सँपलवर आणि रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेवलं तर एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्याही आत येतो. जाऊन-येऊन दुप्पट धरा, वर थोडा यंत्राचा, तरी दहाच्या आसपास. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुम्ही पेटीपासून तीन-साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं झालं. त्याने लय बिघडत नाही. परवान्याच्या अटींमुळे ऑडॅसिटीबरोबर वर्षानुवर्षं एसिओ मिळत नव्हता, रीपरमध्ये तो सरळ निवडता येतो. थर चढवायला लागल्यावर रीपरकडे जा असं मी म्हणतो, त्यामागचं मोठं कारण हे.

ऑडॅसिटीत थर चढवता येत नाहीत असा याचा अर्थ नाही. येतात, फक्त एकदा मोजमाप करून घ्यावं लागतं. नवा ट्रॅक आधीच्या ट्रॅकशी जुळावा म्हणून ऑडॅसिटी तो ठरावीक अंतराने मागे सरकवते, आणि हा आकडा मुळात उणे १३० मिलिसेकंद असा दिलेला असतो. तुमच्या लॅपटॉपला तो लागू पडेलच असं नाही. तपासायची रीत अशी. जनरेट मेनूतून ऱ्हिदम ट्रॅक बनवा, म्हणजे नुसती टकटक. इअरफोनचा एक गोळा माइकच्या जाळीला टेकवून धरा आणि शिफ्ट दाबून आर दाबा, म्हणजे नव्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग सुरू होईल. पाच-सहा टकटकी झाल्या की थांबवा. आता चित्र मोठं करून दोन्ही ट्रॅकवरच्या एकाच टकटकीची सुरुवात बघा. खालची ४० मिलिसेकंदांनी उजवीकडे पडली असेल तर प्रेफरन्सेसमध्ये जाऊन उणे १३० चं उणे १७० करा. तितकीच डावीकडे पडली असेल तर उलट, उणे १३० चं उणे ९० करा. परत एकदा करून बघा, जुळलं की झालं. हे पाच मिनिटांचं काम आहे. मुलाचा तबला मागे पडतोय म्हणून महिनाभर त्याच्याकडून रियाज करून घेणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि दोष या एका आकड्यात होता.

ब्लूटूथ इअरफोन मात्र रेकॉर्डिंगच्या वेळी अजिबात नकोत. त्यांचा उशीर यातल्या कुठल्याच उपायाने जात नाही. वर त्यांचा स्वतःचा माइक चालू झाला तर कानात येणारा आवाजही फोनवर बोलल्यासारखा होतो. वायरचे साधे इअरफोन घ्या, कान झाकणारा हेडफोन असेल तर उत्तमच, म्हणजे कानातला तबला माइकमध्ये उतरत नाही.

आता बाकीच्या नावांबद्दल.

रीपर ज्यांनी लिहायला घेतलं ते जस्टिन फ्रँकल म्हणजे विनअँप हा गाणी ऐकायचा प्लेअर बनवणारे. त्यामुळे सॉफ्टवेअर हलकं आहे, चटकन उघडतं आणि साध्या लॅपटॉपवर भरपूर ट्रॅक ओढतं. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, त्यानंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. तो दोन मुख्य आवृत्त्यांपर्यंत चालतो, म्हणजे बरीच वर्षं. पहिल्यांदा उघडल्यावर ते रिकामं आणि राखाडी दिसतं आणि माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही. कंट्रोल आणि टी दाबलं की ट्रॅक येतो, त्यावरचा लाल गोल दाबला की तो रेकॉर्डिंगला सज्ज होतो, कंट्रोल आणि आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. थांबवल्यावर एक चौकट येते, आत्ताचं रेकॉर्डिंग ठेवायचं की पुसायचं असं विचारते. तिथे घाईत 'डिलीट ऑल' दाबू नका. सुरुवातीला एवढंच पुरे. रीपरमध्ये मला सगळ्यात आवडतं ते असं की अंतऱ्याची एकच ओळ चार वेळा गाऊन ठेवता येते, चारही एकाखाली एक दिसतात आणि त्यातला चांगला तुकडा उचलता येतो. ऑडॅसिटीत हेच करायला तुकडे हाताने सरकवत बसावं लागतं.

कुणाकडे मॅक किंवा आयपॅड असेल तर मी दुसरं काही बघूच देत नाही, गॅरेजबँड उघडा म्हणतो. ते अॅपलच्या यंत्रांबरोबर मोफत मिळतं, मॅकवर ड्रायव्हरची ही सगळी कटकट नसते, आणि पुढे लॉजिक प्रो हे अॅपलचंच मोठं सॉफ्टवेअर घेतलंत तर गॅरेजबँडचं काम त्यात जसंच्या तसं उघडतं. एक सावधगिरी घ्या. ते उघडताना १२० चा टेम्पो आणि चार मात्रांचं चक्र धरून चालतं. रेकॉर्ड करून झाल्यावर टेम्पो बदललात तर रेकॉर्ड केलेला आवाजही ताणला किंवा आवळला जाऊ शकतो. म्हणून आधी लय ठरवा, नाहीतर त्या आकड्याला हात लावू नका.

बँडलॅब हे मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर चालतं. त्याचा खरा उपयोग साथीदार लांब असताना होतो. बहीण अमेरिकेत आहे, तिला वरचा सूर गायचाय, तर तिने तिच्या फोनवर गाऊन त्याच प्रोजेक्टमध्ये जोडावं. त्यासाठी मी ते बिनधास्त सुचवतो. पण इंटरनेट लागतं, आणि ब्राउझरमधून रेकॉर्ड करताना उशिरावर फारसा ताबा राहत नाही, तेव्हा तबल्यासाठी नको.

जुन्या सल्ल्यांमध्ये तुम्हाला 'केकवॉक बाय बँडलॅब घ्या, पूर्ण मोफत' असं दिसेल. एकेकाळी तो सल्ला रास्त होता. गिब्सन कंपनीने २०१७ मध्ये केकवॉकचं काम थांबवलं, २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन मोफत केलं, आणि नंतर सोनार या नावाने नवी आवृत्ती आणून जुनी मागे सारली. जुन्याची लिंक शोधत बसू नका. सॉफ्टवेअरची मालकी आणि नावं अशी बदलत असतात, म्हणून तुमचं काम कुठल्याही एका सॉफ्टवेअरच्या पोटात अडकून राहू नये. त्यासाठी काय करायचं ते शेवटाकडे सांगतो.

माइक किंवा ऑडिओ इंटरफेस (साधे माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) घेतल्यावर खोक्यात बऱ्याचदा एक कूपन येतं ते फेकू नका. त्यावर एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती मोफत मिळते. लाइव्ह लाइटमध्ये आठ ट्रॅक मिळतात आणि तुमच्या घरच्या अभंगाला चारसुद्धा पुरतात. प्रो टूल्स इंट्रोही मोफत आहे आणि त्यातही आठ ऑडिओ ट्रॅक आहेत. मुलाला पुढे स्टुडिओत काम करायचं असेल तर त्याने ते जरूर बघावं. तुम्हाला त्याचा जाच होईल.

आणि एफएल स्टुडिओ. सॉफ्टवेअर म्हणून ते उत्तम आहे, माझ्याकडे येणारी रॅपवाली पोरं त्यावर सुंदर बीट बनवतात. पण त्याची बांधणीच मुळी पॅटर्नवर आहे. चार मात्रांचा तुकडा बनवा, तो पुन्हा पुन्हा मांडा, त्यावर रचना उभी करा, असा तो विचार. सलग सहा मिनिटं गाणाऱ्या माणसाला तो उलटा पडतो. त्याच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत तर बराच काळ माइकवरून गाणं रेकॉर्ड करून मांडायची सोयच नव्हती. मोफत चाचणी आवृत्ती आहे, पण त्यात जतन केलेलं काम विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. म्हणून लोक क्रॅककडे वळतात. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम असतं. शिवाय कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि पडलं की केलेलं काम आतच राहतं. ऑडॅसिटी आणि बँडलॅब मोफत असताना हा धोका कशासाठी पत्करायचा? मुलाला बीट बनवायचे असतील तर त्याने चाचणी आवृत्ती उतरवून हात बसवावा आणि आवडलं तर घ्यावं. एकदा घेतलं की पुढचे अपडेट कायम मोफत मिळतात, ही त्या कंपनीची खरोखर चांगली गोष्ट आहे.

विकत घेण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण यात लोकांचे पैसे जातात. तबल्यासाठी दुसरा यूएसबी माइक घेऊ नका. दोन यूएसबी माइक म्हणजे दोन वेगळी घड्याळं, आणि ती कधी तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. ऑडॅसिटी तर एका वेळी एकाच साधनावरून रेकॉर्ड करते. दोन माइक हवे झाले की दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि त्याला एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरचे साधे माइक लावा. त्या इंटरफेसबरोबर त्याचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर येतो, आणि मग रीपर कसं पळतं ते बघा. सध्याचा यूएसबी माइक वाया जात नाही, एकट्याने रियाज रेकॉर्ड करायला तो कायम कामी येतो.

आता आपल्या संगीतापुरत्या दोन-तीन गोष्टी, ज्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन माइकची 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. लॅपटॉप कंपनीने गोंगाट कमी करणारं काही घातलं असेल तर तेही बंद करा. ही सोय मीटिंगसाठी बनवलेली असते. सतत एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं ती धरून चालते आणि तो दाबून टाकते. आपल्याकडे सतत एकसारखा वाजतो तो तानपुरा, आणि पेटीचा धरलेला सूर. पेटी वाजतावाजता मध्येच विरून जाते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी सगळ्यात आधी हेच तपासायला सांगतो. ऑडॅसिटीतलं 'नॉइज रिडक्शन' वापरतानाही हेच लक्षात ठेवा. त्याला गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो, आणि तो नमुना घेताना तानपुरा वाजत असेल तर ते तुमचा षड्जच गोंगाट समजून कापत सुटेल. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसा, तानपुरा बंद ठेवा, तोच नमुना घ्या. आणि वापर अगदी हलक्या हाताने करा, जास्त झालं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

तानपुरा अॅपमधला असेल तर थर चढवताना तो खोलीत स्पीकरवर लावू नका. त्याची फाइल वेगळ्या ट्रॅकवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ठेवा आणि कानात ऐकत गा. पुढे गाण्यातले तुकडे जोडताना सांधा आला तरी खालचा सूर अखंड असल्यामुळे तो कानाला टोचत नाही. गाण्याच्या माइकमध्ये तानपुरा उतरला असेल तर प्रत्येक सांध्याला तो दचकतो आणि मग काहीही करता येत नाही.

सुराचंही बघून घ्या. तुम्ही काळी एक किंवा काळी चारमध्ये गात असाल, पण पेटीची काळी चार आणि सॉफ्टवेअरमधल्या कीबोर्डची काळी चार एकच असेल याची खात्री धरू नका. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या असतात. फोनवर ट्यूनरचं अॅप घेऊन पेटीची पट्टी एकदा तपासा, किती सेंट (दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते वहीत लिहून ठेवा, आणि तानपुरा व पुढे कधी घालाल ते कीबोर्डचे सूर तेवढेच सरकवा. तबला त्यानंतर लावायचा. हे आधी केलं तर पाच मिनिटांचं काम आहे, सगळं रेकॉर्ड झाल्यावर लक्षात आलं तर दुरुस्त होत नाही.

क्लिकबद्दल. सॉफ्टवेअरमधली टकटक कानात घेऊनच गायचं असा काही नियम नाही. एकत्र बसणार असाल तर मेट्रोनोम बंद करा आणि ग्रिडला चिकटवणारं 'स्नॅप'ही बंद करा. नाहीतर कापलेला तुकडा सॉफ्टवेअर आपल्याच मापाच्या रेघेवर नेऊन ठेवतं आणि तुमची लय बिघडवतं. थर चढवणार असाल तर नुसत्या टकटकीपेक्षा तबल्याच्या अॅपमधला ठेका कानात घ्या. दादरा सहा मात्रांचा, रूपक सात मात्रांचा, त्यात सम कुठे आहे ते ऐकू येतं, सारख्या टकटकीत ते कळत नाही.

आवाजाच्या पातळीबद्दल लोक उगाच घाबरतात. तार सप्तकातली तुमची सगळ्यात मोठी ओळ गाऊन बघा. तेव्हा काटा उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी माइकची पातळी लावा. लहान वाटलं तरी चालेल, नंतर वाढवता येतं. शून्याला टेकून फाटलेला आवाज मला किंवा कुणालाही शिवता येत नाही. एकाच माइकवर दोघं असाल तर तोल अंतराने साधायचा असतो. पेटीचा आवाज मोठा, म्हणून माइक तोंडाच्या उंचीवर, थोडा वरून तुमच्याकडे झुकलेला. तबला माइकच्या पाठीकडे चार-पाच फुटांवर. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका, मुलाला वीतभर पुढे-मागे सरकवा, परत ऐका. हा तोल नंतर सॉफ्टवेअरमध्ये बदलता येणार नाही, म्हणून इथे वेळ घालवा. खाली सतरंजी, समोरच्या भिंतीवर गोधडी, पंखा बंद, आणि लॅपटॉप चार्जरवरून काढलेला. चार्जरमुळे येणारी घुरघुर इतक्या फायलींमध्ये असते की मी ती आता गृहीतच धरतो.

आणि मघाशी म्हटलं ते, काम अडकून न राहण्याबद्दल. गाणं पूर्ण झालं की सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल ठेवाच, पण त्याबरोबर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह (WAV) फाइल काढून ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर केलं असेल तर एका ट्रॅकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबीचं होतं, पाच मिनिटांच्या गाण्याचे चार ट्रॅक म्हणजे १७५ एमबीच्या आत. सगळ्या फायली शून्य सेकंदापासूनच सुरू झाल्या पाहिजेत, गाणं चाळीसाव्या सेकंदाला उचललं असलं तरी आधीची चाळीस सेकंदं शांतता तशीच राहू द्या. मग त्या फायली जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तरी आपोआप एकमेकींखाली बरोबर बसतात. हे न पाळलेल्या फायली आल्या की माझा निम्मा वेळ कुठली ओळ कुठे बसते ते शोधण्यात जातो, आणि त्याचे पैसे गाणाऱ्याला पडतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायच्याच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नको.

तेव्हा आधी ऑडॅसिटी उतरवा, तेही त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. नावाशी मिळतीजुळती नकली पानं आहेत, त्यांवरून नको. ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट 'वासापी' (WASAPI) निवडा, माइक निवडा, आर दाबा, आणि मुलाला घेऊन तुमचा नेहमीचा एखादा अभंग सलग गा. काही न कापता ऐका. एकत्र गाण्यात समाधान मिळत असेल तर वर्षभर दुसरं सॉफ्टवेअर घ्यायची गरज पडणार नाही. तबला वेगळा हवाच असं दोघांनाही वाटलं, तर टकटकीची चाचणी करून बघा. त्यातही अडखळलात तर माइकचं नाव आणि त्याला इअरफोनची जागा आहे की नाही एवढं कळवा, रीपरमध्ये पुढे काय लावायचं ते मी नेमकं सांगतो.